फॉरमॅट? नको, थँक यू!

ऑफिसात कॉम्प्युटर बिघडला की आपला थाट बघण्यासारखा असतो! आयटी डिपार्टमेंटला एक तिकीट टाकायचं, कॉफी मशीनपाशी जाऊन उभं राहायचं आणि निवांत गॉसिप करायचं... वीस मिनिटांनी गळ्यात आयकार्ड अडकवलेला एक मुलगा येतो, तुमच्या खुर्चीत बसतो, तुमच्याकडे न बघता काहीतरी टकाटक करतो आणि ‘हो गया मॅम’ म्हणून निघून जातो. काय झालं होतं? विचारू नका. त्यानं काय केलं? तेही विचारू नका. चालू झाला ना, बस!

घरी मात्र आयटी डिपार्टमेंट म्हणजे आपणच. ज्या मुलाला किंवा मुलीला फोनवरून लाइटबिल भरता येतं, तिला कॉम्प्युटरमधलं सगळं येत असणार, असा आईबाबांचा ठाम समज असतो. आणि आपलं घोडं अडलं, की मग फोन जातो कॉलनीतल्या कॉम्प्युटरवाल्या दादाला. हा दादा प्रत्येक कॉलनीत असतो. बाइक, पाठीला सॅक, सॅकमध्ये स्क्रूड्रायव्हर, एक ब्रश आणि एक पेनड्राइव्ह. माणूस भला. हाकेला येतो, उधारीही ठेवतो. पण त्याच्याकडे औषध एकच! मशीन स्लो झालं? फॉरमॅट. प्रिंटर रुसला? फॉरमॅट. स्क्रीन काळी पडतेय? ‘फॉरमॅट मारावा लागेल, ताई.’

मारावा! शब्दच बघा ना. दुरुस्ती कमी, सुपारी जास्त.

तर मंडळी, आज बोलायचंय ते हे न मारता काय करता येतं याबद्दल. विषय वरवर रुक्ष आहे: ग्राफिक्स ड्रायव्हरची भांडणं. पण आमच्या घरात अशाच एका भांडणावर अख्खा लग्नाचा सीझन अडकला होता. त्यामुळे पान उलटू नका, बॉस!

आईचं ऑफिस

डोंबिवलीच्या आमच्या वन बीएचकेमध्ये हॉलच्या कोपऱ्यात एक टेबल आहे. ते आईचं ऑफिस. आई डीटीपी करते. लग्नपत्रिका, मुंजी, वास्तुशांती, बारशी, गणेशोत्सव मंडळांचे अहवाल... २००९ मध्ये बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा तिनं कोर्स केला. बाबांना दुसरी नोकरी मिळेपर्यंतची सोय म्हणून सुरू झालेलं हे काम पुढे तिचं करिअर होऊन बसलं. माझ्या मास कॉमच्या डिग्रीची फी याच टेबलावरून गेली. एक सेमिस्टर म्हणजे इतक्या इतक्या पत्रिका, असा आमच्या घरचा एक्स्चेंज रेट होता.

टेबलावर दोन मॉनिटर. एक आईसमोर, दुसरा गिऱ्हाइकाच्या खुर्चीकडे वळवलेला. त्यावर लाइव्ह प्रूफ चालतं. ‘मामांचं नाव काकांच्या वर घ्या’, ‘आजोबांच्या नावामागे कैलासवासी राहिलं बघा’ असली नाजूक प्रकरणं तिथेच निकालात निघतात.

२०२४ च्या नोव्हेंबरात तुळशीची लग्नं उरकली आणि नेहमीप्रमाणे पत्रिकांची रांग लागली. त्याच मुहूर्तावर कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाचा पंखा बंद पडला. मी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडवरून एक सेकंडहँड कार्ड आणलं. जुनं कार्ड एका कंपनीचं, हे दुसऱ्या कंपनीचं. रविवारी कॉम्प्युटरवाल्या दादानं ते बसवलं, ड्रायव्हर टाकला, चहा घेतला आणि गेला. सोमवार, मंगळवार, बुधवार एकदम मख्खन.

गुरुवारी सकाळी स्क्रीन काळी झाली. दोन-तीन सेकंदच. परत आली. आईला वाटलं, लाइट फ्लक्च्युएट झाले. दुपारी पुन्हा. शुक्रवारी सहा वेळा, आणि त्यातली शेवटची थेट निळी स्क्रीन. रडका चेहरा, खाली अगम्य इंग्रजी. समोर मुलीचे वडील बसलेले. पत्रिका सोमवारी सकाळी प्रेसला जायची होती.

संध्याकाळी दादा आला. त्यानं रॅम काढून पुसली, वायरी हलवल्या, मान हलवली.

‘काकू, फॉरमॅट मारावा लागेल. पाचशे रुपये. दोन तासांत एकदम नवा करून देतो.’

आई म्हणाली, ‘नवा नको रे. माझाच हवा.’

फॉरमॅटमध्ये नक्की काय जातं?

आईचा हट्ट भावनिक वाटला तरी अगदी प्रॅक्टिकल होता. ‘डी ड्राइव्हला हात लावत नाही’ असं दादा शपथेवर सांगत होता. पण घराघरातल्या आया फाइल कुठे ठेवतात? डेस्कटॉपवर! आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे सगळं मुळात सी ड्राइव्हवरच राहतं. फॉरमॅट तिथेच होतो.

दुसरं म्हणजे फॉन्ट. आईकडे गेल्या पंधरा वर्षांत जमवलेले शेकडो जुने मराठी फॉन्ट आहेत. ते युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे. हे फॉन्ट मशीनवर नसतील, तर जुनी पत्रिका उघडल्यावर नवऱ्यामुलाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस-टिंबांची नुसती भेळ दिसते. तिसरं, सॉफ्टवेअरचं लायसन्स. तिचं व्हर्जन जुनं, त्याचा बॉक्स आणि नंबर कुठल्या माळ्यावर आहे ते गणपतीबाप्पालाच ठाऊक. म्हणजे ‘दोन तासांत नवा’ झालेला कॉम्प्युटर पुन्हा ‘आईचा’ व्हायला दोन आठवडे लागले असते. तेही सीझनमध्ये!

आणि सगळ्यात मोठा मुद्दा: एवढं सगळं करून रोग बरा होईल याची गॅरंटी काय? रोग कुठला तेच कुणाला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, मला उद्याचा दिवस द्या.

‘तुला येतं यातलं?’ बाबांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं.

यातलं येत नव्हतं. पण बातमी करता येते. कोण, काय, कुठे, कधी, का, कसं... आमच्या कॉलेजात पहिल्या आठवड्यात हेच घोकून घेतात. नादुरुस्त कॉम्प्युटर म्हणजे तरी काय, न बोलणारा साक्षीदार. त्याला प्रश्न विचारायचे एवढंच.

मध्यस्थांचं भांडण

आधी हे ड्रायव्हर प्रकरण काय आहे ते बघू. सोपं आहे. लग्नात दोन्ही घरांमध्ये बोलणी करायला एक मध्यस्थ असतो ना, तसा ड्रायव्हर. एका बाजूला विंडोज, दुसऱ्या बाजूला ग्राफिक्स कार्ड. विंडोजला कार्डाची भाषा येत नाही, कार्डाला विंडोजची. मधला माणूस निरोप पोचवतो. आता विचार करा, एकाच घराकडून दोन मध्यस्थ हिंडायला लागले तर? एक म्हणतो हॉल सकाळचा, दुसरा म्हणतो संध्याकाळचा. तिसरा जुन्या मोडलेल्या स्थळाचा मध्यस्थ, तोही अजून मांडवात घुटमळतोय. घोळ होणारच!

विंडोजनं यावर एक उपाय करून ठेवलाय. २००७ मध्ये व्हिस्टा आलं तेव्हापासून एक सोय आहे. कार्डानं हातातल्या कामाचं उत्तर साधारण दोन सेकंदांत दिलं नाही, तर विंडोज त्याला अडकलं असं समजतं आणि ड्रायव्हर नव्यानं सुरू करतं. ती काळी झालेली आणि परत आलेली स्क्रीन म्हणजे हेच. थोडक्यात, ती खरं तर सुटका असते. त्याआधी अशा वेळी अनेकदा अख्खं मशीनच गोठायचं. पण हे वारंवार व्हायला लागलं किंवा पुन्हा सुरू करणंच फसलं, की निळी स्क्रीन.

गंमत म्हणजे व्हिस्टाचं स्वतःचं नशीबही याच मध्यस्थांनी खराब केलं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली. त्यात नोंदवलेल्या व्हिस्टा क्रॅशपैकी २८.८ टक्के क्रॅश एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या खात्यावर होते. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर १७.९ टक्के. लोकांनी मात्र सरसकट शिव्या घातल्या त्या व्हिस्टाला. दोष एकाचा, बदनामी दुसऱ्याची. आपल्या घरी ‘कॉम्प्युटरच बेकार आहे’ असं म्हणतात, तेव्हा असंच काहीतरी चाललेलं असतं.

‘कधीपासून?’

शनिवारी सकाळी पहिलं काम केलं बॅकअपचं. आईचा डेस्कटॉप, सगळी डॉक्युमेंट्स, फॉन्टचं फोल्डर, सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर. तासभर गेला. पण पुढे काहीही झालं तरी पत्रिका शाबूत, हे कळल्यावर आईचा चेहराच बदलला. टेन्शनमध्ये कुठलंही ऑपरेशन करू नये.

मग वहीत पहिला प्रश्न लिहिला. कधीपासून?

आईचं उत्तर होतं, ‘नवीन कार्ड बसवल्यापासून.’ दादाचंही तेच. पण तारखा लावल्या तर ते जुळत नव्हतं. कार्ड बसलं रविवारी, स्क्रीन काळी झाली गुरुवारी. मधले तीन दिवस त्याच कार्डावर, त्याच फाइलींवर काम चाललं होतं. म्हणजे रविवार हा संशयित, पण गुन्हा घडला बुधवार आणि गुरुवारच्या मधे.

विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची एक जागा आहे. स्टार्टवर जाऊन नाव टाइप केलं की सापडते. ही मशीनची स्टेशन डायरी. त्यातल्या ‘सिस्टम’ या कप्प्यात ४१०१ नंबरच्या नोंदी दिसल्या. डिस्प्ले ड्रायव्हरनं उत्तर देणं बंद केलं आणि तो सावरला, अशा अर्थाचं वाक्य, शेजारी तारीख आणि वेळ. पहिली नोंद गुरुवारची. आईला आठवत होतं ते अगदी बरोबर होतं.

आता दुसरी डायरी. विंडोज अपडेटमध्ये ‘अपडेट हिस्टरी’ असते आणि त्यात ‘ड्रायव्हर अपडेट्स’चा वेगळा कप्पा असतो. तो उघडला... आणि अहो आश्चर्यम्! बुधवारी रात्री, सगळे झोपलेले असताना, विंडोजनं आपणहून एक डिस्प्ले ड्रायव्हर टाकला होता. कार्ड तेच. पण दादानं रविवारी कंपनीच्या साइटवरून उतरवलेलं व्हर्जन वेगळं आणि हे वेगळं. वर जुन्या कार्डाच्या कंपनीचं कंट्रोल पॅनलही मशीन सुरू होताना इमानेइतबारे उठून बसत होतं. म्हणजे मोडलेल्या स्थळाचे मध्यस्थही हजर!

‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये मात्र सगळं आलबेल. पिवळा त्रिकोण नाही, कुठला कोड नाही. ‘हे उपकरण नीट चालू आहे’ असा निर्वाळा. सरकारी उत्तर म्हणतात ते हेच.

एका वेळी एकच बदल

तरी लगेच निकाल द्यायचा नसतो. ४१०१ ची नोंद फक्त एवढंच सांगते की कार्ड अडकलं. का अडकलं ते सांगत नाही. कार्ड तापत असेल, पॉवर सप्लाय कमी पडत असेल, कार्डच खराब असेल, तरी नोंद हीच होणार. म्हणून मी वहीत यादी केली आणि ठरवलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दादानं शुक्रवारी रॅम, वायरी, सॉकेट सगळं एकदम हलवलं होतं. अशानं काही बरं झालं तरी कशानं झालं ते कळत नाही.

पहिलं, उष्णता. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये कार्डाचं तापमान दिसतं. काम करतानाही ते वाजवी होतं, आणि पंखा फिरताना डोळ्यांनी दिसत होता. काट मारली.

दुसरं, केबल. गिऱ्हाइकाकडचा मॉनिटर कार्डाला न जोडता मदरबोर्डच्या सॉकेटला जोडलेला होता. म्हणजे तो प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सवर चालत होता, आणि आईचा मॉनिटर कार्डावर. हे चालतं, चूक नाही. पण त्यामुळे कामाला दोन वेगळे ड्रायव्हर लागतात. दोन्ही मॉनिटर कार्डाला जोडले. तासाभरानं स्क्रीन पुन्हा काळी. म्हणजे हे कारण नव्हतं. काट मारली.

तिसरं, ड्रायव्हर. डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अडॅप्टर्स, कार्डाच्या नावावर डबल क्लिक, ‘ड्रायव्हर’ टॅब आणि तिथे ‘रोल बॅक ड्रायव्हर’. हे बटण आधीच्या व्हर्जनवर परत नेतं. फुकट, पाच मिनिटांचं काम, आणि काहीही पुसलं जात नाही. दाबलं.

शनिवारची अख्खी संध्याकाळ स्क्रीन हलली नाही. रात्री साडेदहापर्यंत आईनं काम केलं. मला तर वाटलं, पेढे वाटावेत.

रविवारी सकाळी स्क्रीन काळी!

पण आता माझ्याकडे डायरी होती. अपडेट हिस्टरी उघडली. शनिवारी रात्रीची नवी ओळ. आपण मागे नेलेला ड्रायव्हर विंडोजनं रात्रीतून परत पुढे आणून ठेवला होता. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘म्हणजे मी आवरायचं आणि यानं पसरायचं!’ अगदी शंभर टक्के. पण या पसाऱ्यानंच केस पक्की केली. जुना ड्रायव्हर असताना ठणठणीत, नवा आल्यावर आजारी, आणि तेही दोनदा. कार्ड निर्दोष सुटलं.

सेफ मोड झिंदाबाद

आता मांडव पूर्ण रिकामा करून एकच मध्यस्थ बसवायचा होता. यासाठी ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ नावाचं एक फुकट टूल आहे. लाडाचं नाव डीडीयू. नेहमीच्या अनइन्स्टॉलनंतर मागे राहणाऱ्या फाइली आणि नोंदी हे झाडून काढतं. ते बनवणाऱ्याच्या मूळ साइटवरूनच घ्यायचं, कुठल्याही रँडम डाउनलोड साइटवरून नाही.

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून नीट सांगते. आधी रिस्टोअर पॉइंट केला. मग कार्डाच्या मॉडेलचं नाव बघून कंपनीच्या साइटवरून योग्य ड्रायव्हर उतरवून ठेवला. मग इंटरनेटची वायर काढली. हे विसरलात तर तुम्ही झाडत असतानाच विंडोज मागच्या दारानं आपला ड्रायव्हर घेऊन येतं. मग शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’वर क्लिक केलं. निळा मेनू आला. त्यात ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, पुन्हा रीस्टार्ट आणि मग ४ नंबर. झाला सेफ मोड!

सेफ मोड म्हणजे विंडोजचा उपासाचा दिवस. अत्यावश्यक तेवढंच चालतं. कार्डाचा स्वतःचा ड्रायव्हर न चढता मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर काम भागवतो. स्क्रीन मोठ्या ठोकळ्यांची आणि ओबडधोबड दिसते. आईनं डोकावून विचारलं, ‘हे असंच राहणार का गं?’ नाही राहत. आधी जुन्या कंपनीचं सगळं साफ केलं, मग नव्या कंपनीचं. याच टूलमध्ये विंडोज अपडेटला आपणहून ड्रायव्हर आणू न देण्याचीही सोय आहे. ती लावली. मशीन नेहमीसारखं सुरू केलं, उतरवून ठेवलेला ड्रायव्हर टाकला, पुन्हा रीस्टार्ट, आणि मगच इंटरनेटची वायर जोडली. एकूण वेळ सव्वा तास. खर्च शून्य. डेस्कटॉपवरचा एक आयकॉनही जागचा हलला नव्हता.

सेफ मोडला कमी समजू नका. १९ जुलै २०२४ आठवतोय? जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली होती. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे. आपल्याकडे काही विमानतळांवर प्रवाशांना चक्क हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्या कंपनीचं सॉफ्टवेअरही ड्रायव्हरसारखंच विंडोजच्या अगदी गाभ्यात शिरून काम करतं, म्हणून एका फाइलनं अख्खं मशीन आडवं केलं. आणि सांगितलेला उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जा, ती एक फाइल पुसा, रीस्टार्ट करा. एवढी विमानं अडली, पण फॉरमॅट मारा असं त्यात कुठेही नव्हतं!

तुमच्या घरासाठी

आता थोडे फंडे, म्हणजे तुमचा रविवार वाचेल.

स्क्रीन अचानक गोठली किंवा काळी पडली तर मेन स्विचकडे धावू नका. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. विंडोज १० आणि ११ मध्ये यानं ग्राफिक्स ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. उघड्या फाइली उघड्याच राहतात. रोग जात नाही, पण न सेव्ह केलेलं काम अनेकदा वाचतं.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असं नाव दिसलं, तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही असं समजा. पिवळा त्रिकोण आणि कोड ४३ असेल, तर कार्डानं किंवा ड्रायव्हरनं स्वतःच तक्रार नोंदवली म्हणून विंडोजनं ते थांबवलंय. ड्रायव्हर साफ करून नव्यानं टाकूनही हा कोड परत आला, तर मात्र कार्डाकडे संशयानं बघायला हरकत नाही.

लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर बघा. ते अनेकदा त्याच मॉडेलसाठी जुळवलेले असतात. डिझाइनचं काम करत असाल आणि कार्ड एनव्हिडियाचं असेल, तर २०१९ पासून ‘स्टुडिओ’ नावाचे वेगळे ड्रायव्हर मिळतात. नव्या गेम्सच्या मागे धावण्यापेक्षा अशा सॉफ्टवेअरवर तपासलेले. आणि सगळं सुरळीत चाललेलं असताना फक्त नवा आला म्हणून ड्रायव्हर बदलू नका, निदान डेडलाइनच्या आदल्या दिवशी तरी नाही!

सेफ मोडमध्ये जाण्याआधी अकाउंटचा पासवर्ड आठवून ठेवा, कारण तिथे नेहमीचा पिन चालेलच असं नाही. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की हाताशी हवी. ती मागितली गेली आणि आपल्याकडे नसली, तर आपण आपल्याच घराबाहेर!

रजिस्ट्रीत जाऊन ते ‘दोन सेकंद’ वाढवून दहा करा, असा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या. मायक्रोसॉफ्टनं ती सोय ड्रायव्हर बनवणाऱ्यांच्या चाचण्यांसाठी ठेवली आहे. आपण ती वाढवली तर भांडण मिटत नाही, फक्त जास्त वेळ चालतं.

आणि हो, हे सगळं घरच्या मशीनवर! ऑफिसचा लॅपटॉप असेल तर गुपचूप तिकीट टाका आणि कॉफी मशीन गाठा.

फॉरमॅट कधीच करू नये असं नाही बरं. व्हायरसनं मशीन पोखरलंय, विंडोजच्या फाइलीच तुटल्यात, मशीन विकायचंय... अशा वेळी तोच रस्ता. पण तो शेवटचा. आपण त्याला पहिला करून टाकलाय, कारण त्यात विचारावं लागत नाही. सगळं पुसलं की प्रश्नही पुसला जातो. पण त्यासोबत पंधरा वर्षांचे फॉन्ट आणि कुणाचं तरी अख्खं ऑफिसही पुसलं जातं, हे पुसणाऱ्याला दिसत नाही.

आणि पत्रिकेचं काय?

पत्रिका सोमवारी सकाळी प्रेसला गेली. मामा वर, काका खाली. पुढचा आठवडाभर मी रोज रात्री इव्हेंट व्ह्यूअर उघडून बघायचे. ४१०१ ची एकही नवी नोंद नाही. आठव्या दिवशी बघणं सोडलं.

वहीतलं पान मी आईला मोठ्या अक्षरात लिहून दिलं आणि तिनं ते सेलोटेपनं कॅबिनेटवर चिकटवलं. आधी बॅकअप. मग कधीपासून. मग दोन्ही डायऱ्या. मग एका वेळी एकच बदल. शेवटची ओळ तिनं स्वतःच्या हातानं, लाल पेनानं, खाली वाढवली: विचारल्याशिवाय फॉरमॅट नाही.

महिन्याभरानं कॉम्पुटरवाला दादा प्रिंटरचं काम घेऊन आला. मी त्याला काय काय केलं ते सांगितलं. त्याचं तोंड पडेल असं वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. त्यानं खाली बसून तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, ‘ताई, एका घरी दहा मिनिटांच्या वर थांबलो की पुढचे तीन फोन येतात. कधीपासून, हे विचारायला वेळ कुठे असतो?’

मग खिशातून मोबाइल काढला.

‘काकू, याचा एक फोटो काढू का?’

‘काढ की,’ आई म्हणाली. ‘आणि ती शेवटची ओळ नीट आली का बघ.’